आंबुशी ओळखायची कशी आणि नाशिकात शोधायची कुठं

कुंडीत न लावता उगवणारी ती तीन पानांची आंबट वनस्पती म्हणजे आंबुशी, बरेच जण गवत समजून उपटून टाकतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं.

आधी पान बघा. एका देठावर तीन पानं आणि प्रत्येकाच्या टोकाला मधोमध खाच, म्हणजे पत्त्यातला बदाम असतो ना तसाच आकार. लसूणघास आणि रानमेथीलाही तीनच पानं असतात म्हणून घोळ होतो, पण त्यांना असा बदाम नसतो आणि कडेला बारीक दाते दिसतात. शंका असेल तर संध्याकाळी परत बघा, आंबुशीची पानं अंधार पडला की खाली मिटतात.

फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम १ सेंटीमीटर. पण खरी खूण शेंग! छोट्या भेंडीसारखी, पाच कडांची, सरळ उभी, आणि पिकलेली असेल तर बोट लागलं की टचकन फुटून बिया उडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली हिला ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा हे शास्त्रीय नाव दिलं त्यातलं कॉर्निक्युलाटा म्हणजे बारीक शिंगं असलेली, ती शिंगं म्हणजे याच शेंगा. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं धरतं. गुलाबी फुलांची, मोठ्या पानांची दिसली तर ती हिची बहीण, तिला सरपटणारं खोड नसतं, मातीत कांद्यासारखे छोटे कंद असतात.

शोधायला लांब जायची गरज नाही, गंगापूर रोडच्या बंगल्यांचे लॉन, नर्सरीतल्या कुंड्या, नळाखालची ओल, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या फरशीच्या फटी. थोडी सावली आणि ओल हवी, बास. पावसाळ्यात सगळीकडे, उन्हाळ्यात फक्त पाणी पडतं तिथं. तिच्याभोवती जमिनीलगत फिकट निळी बारकी फुलपाखरं घिरट्या घालत असतील तर थांबून बघा, त्यातल्या एका जातीच्या अळ्या आंबुशीवरच वाढतात.

चटणी किंवा वरणात घालायला मस्त, पण दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागेतली अजिबात घेऊ नका, तिथं फवारणी असते. रस्त्याकडेचीही नको. आंबटपणा ऑक्झॅलिक ॲसिडचा आहे, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी, बाकीच्यांनीही मूठभरच. उरलेला पाला चुरगाळून देवघरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घासा, लख्ख निघतात.