जुन्या फोटोतली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कशी ओळखावी आणि तिचा इतिहास कसा शोधावा

१९२० ते १९३९ या काळातल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा सुटा फोटो हाती आला, की बहुतेक जण आधी नंबर प्लेट वाचतात आणि तिथूनच गाडीचं मॉडेल, साल, मालक सगळं ठरवून मोकळे होतात. असं करू नये. फोटोत एक गाडी दिसत असली तरी तिच्या ओळखी तीन असतात: चासी (चाकं आणि इंजिन पेलणारा सांगाडा), चासीवर चढवलेली बॉडी आणि नोंदणी क्रमांक. पुढच्या आयुष्यात या तिघींची फारकत होऊ शकते, आणि युद्धपूर्व गाड्यांच्या बाबतीत ती अनेकदा झाली आहे. बेंटलीचंच घ्या. क्रिकलवुडच्या कारखान्यातून चासी बाहेर पडायची आणि बॉडी दुसरी कंपनी बांधायची. सलून, म्हणजे बंद छताच्या गाड्या म्हणून जन्मलेल्या कितीतरी बेंटली नंतर उघड्या टूरर झाल्या, आणि आज त्या मूळच्याच टूरर वाटतात. त्या मूळच्या कशा होत्या हे सांगायला पुष्कळदा एखादा जुना फोटोच उरलेला असतो. म्हणून तो सावकाश, क्रमाने वाचायचा.

१. आधी फोटो सांभाळा, मग स्कॅन करा

लागणारं सामान थोडंच आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, निगेटिव्हसाठी नायट्राइलचे हातमोजे, टू-बी किंवा फोर-बी पेन्सिल, पॉलिएस्टरची पाकिटं आणि निगेटिव्हसाठी वरून प्रकाश देणारा फ्लॅटबेड स्कॅनर. पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, कालांतराने ती प्रिंटला चिकटतात. मागे बॉलपेनने कधीच लिहू नका. दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतो आणि तो पुन्हा निघत नाही.

३० च्या दशकातली फिल्म निगेटिव्ह असेल आणि काठावर ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, तर ती नायट्रेट आहे असं धरूनच चाला. पिवळट, चिकट, उग्र वासाची झाली असेल तर लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. नायट्रेट झपाट्याने पेट घेते. काचेच्या निगेटिव्हची मंद, खरखरीत बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची असते, तिला बोट लावायचं नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवणं अवघड जातं. तरी निदान पावसाळ्यात अल्बम भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. प्रिंट एकमेकांना चिकटतात, आणि सिल्व्हरफिश आधी जिलेटिनच खाते.

बॉक्स कॅमेऱ्याच्या १२० फिल्मवरून काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराची प्रिंट, साधारण ६ बाय ९ सेंटीमीटरची असते. ती १२०० पीपीआयला (इंचामागे १२०० पिक्सेल) स्कॅन करा. निगेटिव्ह २४०० ला, आणि हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची प्रिंट ६०० ला पुरते. फाइल टिफमध्ये, १६ बिट ग्रेस्केलमध्ये ठेवा. ‘शार्पन’ आणि आपोआप ओरखडे पुसणारी सोय दोन्ही बंद ठेवा. ओरखडे पुसता पुसता स्कॅनर आऱ्यांचे तुकडे आणि प्लेटवरचे आकडेही पुसून टाकतो. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करा. छायाचित्रकाराचा शिक्का, पेन्सिलीचा क्रमांक, स्टुडिओचं गाव असं बरंच काही तिथे असतं. पेन्सिल पुसट झाली असेल तर दिवा आडवा, कागदाला लागून धरा. दबलेल्या रेघा वर येतात.

२. फोटो सुलटा आहे ना, ते बघा

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. प्लेट दिसत असेल तर प्रश्न लगेच सुटतो. नसेल तर स्टिअरिंग बघा. ते ब्रिटिश गाडीत चालकाच्या बाजूने बघता उजव्या हाताला असतं. डावीकडे दिसलं तर आधी फोटो उलटा असल्याचा संशय घ्या, निर्यातीची गाडी असेल हा विचार नंतर. पुरुषांच्या कोटाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, हीसुद्धा सोपी खूण.

रंगाबद्दल इथेच सावध करून ठेवतो. त्या काळच्या पुष्कळ फिल्म आणि प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक होत्या. त्यांना लाल रंग दिसत नसे. त्यामुळे लाल गाडी जवळजवळ काळी येते आणि फिकट निळी पांढरट. तीन लिटर बेंटलीचे प्रकार रेडिएटरवरच्या बॅजच्या रंगावरून ओळखले जातात: ब्लू लेबल, रेड लेबल, ग्रीन लेबल. म्हणून हौशी मंडळी फोटोतल्या बॅजची करडी छटा बघून लेबल ठरवतात. फिल्म कोणती होती हे माहीत नसताना असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. ग्रीन लेबल ओळखायची तर तिचं ९ फुटांचं आखूड व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) आणि खाली निमुळता होत जाणारा रेडिएटर बघा. रेड लेबलचं व्हीलबेस बहुधा ९ फूट साडेनऊ इंच असतं, ब्लू लेबलचं तेवढं किंवा त्याहून लांब.

३. गाडी ओळखताना यंत्राकडे बघा, नावाकडे नाही

रेडिएटर बदलता येतो, बॅज लावता येतो, मडगार्ड तर मालक दर मोसमाला बदलत. चटकन बदलता न येणारे भाग आधी तपासा: व्हीलबेस, ब्रेकचे ड्रम, स्प्रिंगांची ठेवण, चासीच्या पुढच्या टोकांचा आकार.

एमजी मिजेटच्या दोन पिढ्यांमधला गोंधळ हे याचं उत्तम उदाहरण. १९३२ चं जे-टू मॉडेल सायकलसारख्या सुट्या मडगार्डांचं होतं. १९३३ मध्ये त्याला लांब, वळणदार मडगार्ड आले, आणि १९३४ चं पी-टाइपही तसंच दिसतं. दोघांच्या डॅशबोर्डपुढे दोन उंचवटे, दरवाजे खोल कापलेले, मागे चौकोनी पेट्रोलची टाकी. मग फरक कुठे? चाकांच्या तारांमधून आत बघा. जे-टूचे ब्रेकचे ड्रम ८ इंचांचे, बशीएवढे. पी-टाइपचे १२ इंचांचे, ते चाकाचा बराचसा मधला भाग भरून टाकतात. १२०० पीपीआयच्या स्कॅनमध्ये हा फरक स्वच्छ दिसतो. पी-टाइपमध्ये पुन्हा दोन उपप्रकार आहेत: ८४७ सीसीच्या पीएची रेडिएटर-जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, तर ९३९ सीसीच्या पीबीला उभ्या पट्ट्या. जाळी मात्र बदलता येते. तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

गाडी बरोबर आडवी, बाजूने टिपली असेल तर मोजमापही जमतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून टायरच्या व्यासाने भागा. जे-टूचं व्हीलबेस ८६ इंच आणि टायर अंदाजे २७ इंच उंच, म्हणजे गुणोत्तर ३.२ च्या आसपास. १९३६ च्या टीएचं व्हीलबेस ९४ इंच, टायर साधारण २८, म्हणजे ३.३५ च्या पुढे. जे-टू आणि पी-टाइपच्या व्हीलबेसमध्ये जेमतेम सव्वा इंचाचा फरक आहे, त्यामुळे त्या दोघींसाठी ही युक्ती चालत नाही. गाडी थोडी जरी तिरकी असेल तरी उत्तर चुकतं. म्हणून आधी चाकं गोल दिसतात की लंबगोल, ते बघून घ्या.

४. आता नंबर प्लेट

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून गाड्यांना क्रमांक सक्तीचे झाले. एक किंवा दोन अक्षरं कौंटीची किंवा शहराची, आणि पुढे ९९९९ पर्यंत आकडा. हे क्रमांक संपू लागले तेव्हा १९३२ मध्ये स्टॅफर्डशरने तीन अक्षरं सुरू केली. तीन अक्षरांत शेवटची दोन गावाची असतात, पहिलं फक्त क्रमाचं. डीयू, केव्ही, व्हीसी ही कॉव्हेंट्रीची, म्हणजे रायली, अल्विस आणि एसएस (पुढची जग्वार) गाड्यांच्या गावची. जेबी आणि आरएक्स बर्कशरची, म्हणजे एमजीच्या अ‍ॅबिंग्डनची. जेओ आणि डब्ल्यूएल ऑक्सफर्डची. यूवाय आणि डब्ल्यूपी वुस्टरशरची, मॉर्गनचं मॉल्व्हर्न तिथलंच. एमजी हेसुद्धा एक अधिकृत अक्षरचिन्ह होतं, मिडलसेक्सचं. प्लेटवर एमजी दिसलं म्हणून गाडी एमजीचीच असेल असं नाही. अक्षरांत आय किंवा झेड असेल तर नोंदणी आयर्लंडमधली.

आकडा आधी आणि अक्षरं नंतर असतील, तर ती मांडणी १९५३ नंतरची. गाडी युद्धपूर्व असली तरी फोटो युद्धानंतरचा.

प्लेट वाचताना ३ आणि ८, सी आणि जी, ओ आणि डी यांत गल्लत होते. शंका असेल तिथे अंदाज लिहू नका, प्रश्नचिन्ह लिहा. लगोपाठचे क्रमांक असलेल्या जुळ्या गाड्या असतात, तिथे हा एक आकडाच सगळं ठरवतो. १९३५ ची ल माँ ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत जॉनी हिंडमार्श आणि लुईस फोंतेस यांनी लगोंडा एम-४५ रॅपिडवर जिंकली. त्या गाडीची प्लेट बीपीके २०२. पीके हे सरे कौंटीचं चिन्ह, आणि गाडी तयार करणारी फॉक्स अँड निकल कंपनी सरेमधल्या टॉलवर्थची. म्हणजे अक्षरं कारखान्याचं नाही, संघाचं गाव सांगतात. तिची बहीण बीपीके २०३ त्याच शर्यतीत होती, आणि या गाड्या सप्टेंबर १९३४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीतही धावल्या होत्या. तेव्हा बीपीके २०२ वाचता आलं म्हणून फोटो ल माँचा ठरत नाही. ल माँला या गाडीवर शर्यतीचा ४ क्रमांक होता, तो बघावा लागतो.

५. ठिकाण आणि तारीख

शर्यतीचा क्रमांक प्रत्येक स्पर्धेत नवा मिळतो, म्हणून तारखेसाठी तो प्लेटपेक्षा उपयोगी. पार्श्वभूमीला काँक्रीटचा उंच, कलता ट्रॅक म्हणजे बहुधा ब्रुकलँड्‌स. तिथल्या शर्यती १९०७ ते १९३९ एवढ्याच काळात झाल्या. फिशटेल, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं चपटं टोक असलेला मोठा सायलेन्सर तिथल्या नियमामुळे लावत, पण रस्त्यावरचे शौकीनही तो लावून मिरवत. तेवढ्यावरून ट्रॅक ठरवू नका. झाडीतून चढत जाणारा अरुंद रस्ता असेल तर शेल्सली वॉल्शची टेकडीवर चढण्याची शर्यत असू शकते. तशीच दुसरी जागा, प्रेस्कॉट, म्हणायची असेल तर फोटो १९३८ किंवा नंतरचा हवा.

रस्त्यावरच्या फोटोत काळ दाखवणाऱ्या वस्तू शोधा. दर्शनी काचेवर गोल टॅक्स डिस्क (रस्ता कर भरल्याची चकती) असेल तर १९२१ किंवा पुढे. पदपथाच्या कडेला पट्टेदार खांबावर गोल दिवा असेल तर १९३४ पासून पुढे. शिकाऊ चालकाची एल प्लेट असेल तर १९३५ किंवा पुढे. हेडलाइटवर झाकण आणि मडगार्डच्या कडेला पांढरा रंग असेल, तर सप्टेंबर १९३९ नंतरचा युद्धकाळ. अशी प्रत्येक खूण ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगते. ‘याच्या नंतर नाही’ हे सांगणारी खूण वेगळी शोधावी लागते, आणि ती सापडेपर्यंत तारीख उघडी ठेवायची.

६. कागदांपर्यंत पोहोचा

१९२१ पासून प्रत्येक गाडीला लॉगबुक (नोंदणीची पुस्तिका) होतं आणि कौंटीच्या कचेरीत नोंदवही. ७० च्या दशकात हे काम स्वान्सीच्या केंद्रीय कचेरीकडे गेलं आणि असंख्य नोंदवह्या रद्दीत गेल्या. वाचल्या त्यांपैकी बऱ्याच कौंटी अभिलेखागारांत आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे (आता ‘द बस आर्काइव्ह’). विचारताना पूर्ण प्लेट, संभाव्य साल आणि फोटोची प्रत पाठवा. उत्तरात चासी क्रमांक, नोंदणीची तारीख, रंग आणि पहिला मालक मिळू शकतो. चासी क्रमांक हीच खरी किल्ली, त्याच्याशी पुढचं सगळं जुळवायचं. एमजीच्या कित्येक मालिका ०२५१ पासून सुरू होतात, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता. त्यामुळे टीए ०२५१ ही पहिली टीए, दोनशे एक्कावन्नावी नाही.

एसएस गाड्यांसाठी जग्वार डेम्लर हेरिटेज ट्रस्ट, जुन्या बेंटलींसाठी बेंटली ड्रायव्हर्स क्लब, ३० च्या दशकातल्या एमजींसाठी एमजी कार क्लबचं ट्रिपल-एम रजिस्टर. शर्यतीच्या फोटोंसाठी ब्युलीचं नॅशनल मोटर म्युझियम, ब्रुकलँड्‌स म्युझियम, आणि ‘द ऑटोकार’, ‘द मोटर’, ‘मोटर स्पोर्ट’ यांचे जुने अंक. अंकांतले निकाल शर्यतीच्या क्रमांकासकट ताडून बघा.

चासी एका गाडीची आणि प्लेट दुसरीची, असंही निघू शकतं. ३० नोव्हेंबर १९८३ पर्यंत स्वान्सीच्या यादीत न आलेल्या गाड्यांचे क्रमांक बाद झाले. पुढे काही परत मिळवले गेले. शिवाय क्रमांक विकलेही जातात. आजच्या गाडीवर फोटोतलीच प्लेट दिसली, तरी ती तीच गाडी आहे हे चासीनेच सिद्ध होतं. एमजीच्या के-थ्री या शर्यतीच्या गाडीबाबत तर विशेष जपा. मूळ गाड्या ३३ च बांधल्या गेल्या, आणि के-वन, के-टूच्या चासींवर बांधलेल्या प्रतिकृती पुष्कळ आहेत.

७. नोंद कशी लिहावी

दोन रकाने ठेवा. एकात फोटोत प्रत्यक्ष दिसतं तेवढंच, दुसऱ्यात त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि त्याचा आधार. उदाहरणार्थ: ‘ड्रम मोठे, जाळी पोळ्यासारखी, प्लेट जेबी ३?१२’ हे पहिल्यात. ‘एमजी पीए, बर्कशर नोंदणी, १९३४ किंवा पुढे’ हे दुसऱ्यात. अल्बममधून फोटो काढण्याआधी त्याचं पान आणि शेजारचे फोटो टिपून ठेवा. एकाच सहलीतले चार फोटो मिळून जी तारीख देतात, ती सुटा फोटो देत नाही. फाइलच्या नावात प्लेट घालायची असेल तर संशयित आकड्याच्या जागी अधोरेघ ठेवा.

प्रसिद्ध करण्यापूर्वी मागचा शिक्का पुन्हा बघा. प्रिंट तुमच्या मालकीची असली तरी प्रताधिकार छायाचित्रकाराच्या वारसांकडे किंवा वृत्तसंस्थेकडे असू शकतो. ब्रिटनमध्ये तो साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो.