गोळीही तीच, काढाही तोच

शांघायमधला माझा पहिलाच हिवाळा. नाक चोंदलेलं, अंगात कणकण. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, शिवाय शेजारच्या आजींच्या आग्रहाखातर चिनी वैद्यांकडेही गेलो. त्यांनी जीभ पाहिली, नाडीवर तीन बोटं ठेवली. थंडी वाजते, घाम नाही, शेंबूड पातळ. म्हणजे चिनी वैद्यकाच्या भाषेत वारा-थंडीचा विकार. (शेंबूड पिवळा आणि घसा दुखत असता तर वारा-उष्णतेचा, त्याचं औषध वेगळं.) काढ्यात माहुआंग (एफेड्रा नावाची वनस्पती), दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध. आपल्या गवती चहाच्या काढ्याचा भाऊ समजून निमूट प्यायलो.

रात्री झोप उडाली. छातीत धडधड, हात थरथरताहेत. सकाळी डॉक्टरांसमोर गोळ्यांचं पाकीट आणि काढ्याची पुडी, दोन्ही ठेवलं. त्यांना हसूच आलं. गोळीत स्यूडोएफेड्रिन आणि माहुआंगमध्ये एफेड्रिन, शिवाय थोडं स्यूडोएफेड्रिनही! दोन्ही सख्खी भावंडं: नाक मोकळं करतात, पण छातीची धडधडही वाढवतात. माहुआंगमधून एफेड्रिन वेगळं काढलं जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशींनी, १८८५ मध्ये. पुढे १९२०च्या दशकात पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) चेन आणि श्मिट या संशोधकांनी त्यावर संशोधन केलं आणि ते पाश्चात्त्य वैद्यकात रुळलं. थोडक्यात, मी एकच औषध दोन दारांतून घेतलं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला लावलं, कॉफीसुद्धा. वाफ आणि गरम पाणी, बस्स. दुसऱ्या दिवशी धडधड थांबली. सर्दीने मात्र आपला आठवडा पुरता घेतलाच. आता कुठल्याही दवाखान्यात गेलो की आधी चालू औषधांच्या पुड्या टेबलावर मांडतो. रक्तदाब असलेल्यांनी तर माहुआंग विचारल्याशिवाय घेऊच नये.