कापसाची पातेगळ मॉडेलात घालताय? या चुका टाळा

बेळगावकडच्या बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानातून कापसाची किती पाती (फुलाच्या कळ्या) गळली याची मोजणी करून आणणारी पोरं राबतात खरी. ते राबणं लॅपटॉपवर वाया जातं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: प्रत्येक पातं म्हणजे स्वतंत्र पुरावा, असं धरणं.

एकानं 6 प्लॉट घेतले होते, 3 फवारलेले, 3 न फवारलेले. प्लॉटमागं 10 झाडं, झाडाला पातं धरायच्या सुमारे 40 जागा, म्हणून 2,400 ओळी. साधं लॉजिस्टिक मॉडेल (पातं गळण्याची शक्यता काढणारं) चालवलं, पी-व्हॅल्यू (फवारणीचा परिणाम नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.001 च्या खाली आली, आणि फवारणीनं गळ थांबते हा निष्कर्ष टाईपही झाला. रानात जाऊन बघितलं तर न फवारलेले दोन प्लॉट ओढ्यालगत, सखलात. पाणी तुंबलं की पाती गळणारच. शिवाय फवारणी प्लॉटला दिलेली, पात्याला नव्हे. पुरावे 6 होते. प्लॉट आणि झाड रँडम इफेक्ट म्हणून (म्हणजे एका प्लॉटातली, एका झाडावरची पाती एकमेकांसारखी वागतात हे धरून) घातल्यावर तो ठाम फरक उरला नाही. ओढ्याचा दोष मात्र कुठलंच मॉडेल धुऊन काढत नाही, त्यासाठी पेरणीआधी ब्लॉक (सारख्या जमिनीच्या प्लॉटांचे गट) पाडावे लागतात. उपचार नेमका कशाला दिला, प्लॉटला, झाडाला की पात्याला, हे मी संगणक उघडण्याआधी कागदावर लिहून घेतो.

दुसरी चूक घाईची. एकाच फेरीत मोजलं की शेंड्याकडची पाती सगळी टिकलेली दिसतात, कारण त्यांना गळायला वेळच मिळालेला नसतो. एका फळफांदीवर पुढचं फूल साधारण 6 दिवसांनी येतं, वरच्या फांदीवर त्याच जागी 3 दिवसांनी. म्हणजे जागेतच वय दडलेलं असतं. फूल उमललं त्या दिवशी तारखेचं लेबल बांधा, पात्यांसाठी फांदी-जागेचा नकाशा ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बघा आणि सर्व्हायव्हल मॉडेल (किती दिवस टिकलं आणि कधी गळलं हे धरणारं) वापरा. कोवळं बोंड गळतं, दहा-बारा दिवसांचं झालेलं सहसा नाही. सगळ्या वयांना एकच धोका लावू नका. लेबलं बांधायचा कंटाळा असेल तर हा विषयच घेऊ नये.

टक्केवारीवर सरळ रेषा बसवू नका, ती शंभराच्या वर जाते. गळफांद्या (थेट फळ न धरणाऱ्या, खोडाच्या तळाकडच्या फांद्या) वेगळ्या मोजा. धारवाडचा डीसीएच-32 हा हिरसुटम आणि बार्बाडेन्स या कापसाच्या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर. त्याला इतर हायब्रीडांच्या रकान्यात कोंबू नका.

आणि प्रत्येक गळ बोंडअळीच्या नावावर टाकू नका. निरोगी झाडही निम्म्याहून जास्त पाती-बोंडं टाकतं, ढगाळ हवेत आणखी. पडलेलं पातं उचला, छिद्र बघा, विष्ठा बघा, तो रकाना रानातच भरा. घरी बसून आठवून भरलेला रकाना मी मॉडेलात घेत नाही.