‘मानू’ लिहायच्या आधी

दिवाळी झाली की आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मला घरी जायला रात्रीचे नऊ वाजतात. म्हणून आठवीतली लेक दप्तर घेऊन इथेच केबिनमध्ये बसते. मी बारावी आहे, गणितात काठावर पास. पण दोन हंगाम तिच्यासोबत बसल्यावर एक कळलं. समीकरण सोडवायला तिला माझी गरज नाही, बाजू बदलली की चिन्ह बदलतं हे तिला पाठ आहे. ती अडते ती पहिल्या ओळीवर, शाब्दिक उदाहरणातल्या गोष्टीचं समीकरण करताना.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हातातून पेन काढून घ्या. मुलं उदाहरण वाचत नाहीत, त्यातले आकडे वेचतात. ४६००, १०० आणि ‘दुप्पट’ दिसलं की गुणाकार सुरू. मी तिला फोनवर आजीला उदाहरण सांगायला लावतो, आकडे न घेता, आणि अहिराणीत. आजी शाळेत गेलेली नाही. “गाडीमा कापूस से, दोन्हीस्नं मिळीसन इतलं वजन से,” असं लेक सांगते आणि तिकडून प्रश्न येतो, “मंग इचारतस काय?” या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं की पेन परत द्यायचं.

उदाहरण असं होतं: कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन ४६०० किलो. रिकाम्या गाडीचं वजन कापसाच्या वजनाच्या दुपटीपेक्षा १०० किलोने जास्त आहे. कापूस किती क्विंटल?

लेकीने लिहिलं, ‘कापूस = क्ष’. (पुस्तकात इंग्रजी अक्षर आहे, माझ्या तोंडात क्षच बसलाय.) इथे थांबवा. क्ष म्हणजे कापूस नाही, क्ष ही संख्या आहे. ‘मानू, कापसाचं वजन क्ष किलो’ असं पूर्ण वाक्य हवं, आणि त्यात ‘किलो’ हवंच. विचारलंय क्विंटलमध्ये, पण काटा किलोत बोलतो. म्हणून किलोतच चालायचं आणि शेवटी शंभराने भागायचं. मध्येच क्विंटल घुसवला की सगळं बिघडतं.

मग गोष्टीतली दुसरी वस्तू त्याच क्षच्या भाषेत. कापसाची दुप्पट २क्ष, त्याहून १०० जास्त, म्हणून रिकामी गाडी २क्ष + १००.

आता बरोबरचं चिन्ह कुठून आणायचं? सगळी गोम इथेच आहे. काट्यावर आम्ही गाडी दोनदा घेतो, आधी भरलेली, मग रिकामी, आणि फरक म्हणजे निव्वळ माल. म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन मला दोन रीतींनी कळतं. एक आकडा पडद्यावर दिसतो, तोच आकडा ‘रिकामी अधिक माल’ असाही सांगता येतो. समीकरण म्हणजे एवढंच, एकच गोष्ट दोन रीतींनी सांगणं. म्हणून लेकीला मी ‘समीकरण मांड’ म्हणत नाही, ‘कोणती गोष्ट दोनदा सांगितलीय?’ असं विचारतो. ती म्हणाली, “भरलेली गाडी.” मग क्ष + २क्ष + १०० = ४६०० आपोआप आलं. कापूस १५०० किलो, म्हणजे १५ क्विंटल.

भाषेचे दोन सापळे घरीच दाखवून ठेवा. ‘५ ने जास्त’ म्हणजे बेरीज, ‘५ पट’ म्हणजे गुणाकार. घाईत ‘ने’ आणि ‘पट’ एकच वाटतात. दुसरा सापळा ‘तून’चा. ‘संख्येच्या तिपटीतून ७ वजा केले’ म्हणजे ३क्ष – ७. ‘७ मधून संख्येची तिप्पट वजा केली’ म्हणजे ७ – ३क्ष. ज्याला ‘तून’ किंवा ‘मधून’ चिकटलंय ते आधी लिहायचं. ‘पेक्षा’चंही तसंच. त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावली, तेव्हापासून उलटी वजाबाकी जवळजवळ थांबली.

आता ज्या चुकीवर माझे दोन संध्याकाळ गेले ती सांगतो. ‘वेचणीला आलेल्या बाया पुरुषांच्या तिप्पट आहेत.’ लेकीने लिहिलं, ३ब = प. वाचायला अगदी बरोबर वाटतं, तीन बाया, एक पुरुष. मीसुद्धा मान डोलावली होती! मग म्हटलं, ४ पुरुष धर, बाया किती? “बारा.” टाक तिच्या समीकरणात. ३ गुणिले १२ म्हणजे ३६, आणि पुरुष तर ४. तिने स्वतःच खोडून ब = ३प केलं. चूक कुठून आली? ‘ब’ वाचताना डोळ्यांसमोर बाई उभी राहते, बायांची संख्या नाही. म्हणून आम्ही वस्तूचं पहिलं अक्षर घ्यायचं सोडलं. आणि खात्री नसेल तिथे सोपा आकडा धरून बघायचा, ही युक्ती सगळीकडे चालते.

दोन अज्ञात आले की आम्ही रंगीत पेनं घेतो. हे खूळ पाटणादेवीच्या सहलीत शिरलं. चाळीसगावजवळ पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ही नोंद. भास्कराचार्य आपल्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि पुढच्यांना रंगांची नावं देतात, कालक, नीलक, पीतक. लेकीला ते फार आवडलं. आता पुरुषांची संख्या क्ष निळ्याने, बायांची संख्या य काळ्याने. उदाहरण होतं, १० मजूर, पुरुषाला ४०० रुपये, बाईला ३००, एकूण मजुरी ३३००. एक समीकरण माणसांचं (क्ष + य = १०), एक रुपयांचं (४००क्ष + ३००य = ३३००). माणसं आणि रुपये एका ओळीत मिसळायचे नाहीत, एवढंच बघायचं. पुरुष ३, बाया ७. “बाईला शंभर कमी का?” असं तिने विचारलं, तेव्हा मी पावतीबुक चाळत बसलो.

वयाच्या उदाहरणाला मात्र तक्ता हवाच, तोंडी जमत नाही. ‘आज आई मुलीच्या तिप्पट वयाची आहे. १२ वर्षांनी दुप्पट असेल.’ लेकीने मांडलं ३क्ष + १२ = २क्ष, आणि मुलीचं वय आलं उणे १२. “पप्पा, ही तर जन्मालाच नाही आली,” म्हणून स्वतःच हसली. बारा वर्षं आईला घातली, मुलीला घालायची राहिली. आडव्या दोन ओळी, आई आणि मुलगी. उभे दोन रकाने, ‘आज’ आणि ‘१२ वर्षांनी’. चारही घरं भरल्याशिवाय बरोबरचं चिन्ह नाही. मग ३क्ष + १२ = २(क्ष + १२), मुलगी १२, आई ३६.

पडताळा समीकरणात घालून करू देऊ नका. समीकरणच चुकलं असेल तर तेही खोटी साक्ष देतं. उत्तर गोष्टीत घालायचं: १२ वर्षांनी आई ४८, मुलगी २४, दुप्पट झाली का? झाली.

आणि गाड्या खूप असल्या, वेळ नसला, तर आम्ही ‘मानू’ची ओळ आणि समीकरण एवढंच लिहून वही मिटतो. सोडवणं ती सकाळी चहा होईपर्यंत करते.