जामीनदार होताय? आकडा लिहून घ्या

नाशकात कॉलेज रोडला, गंगापूर रोडला बाहेरगावच्या मुलांना फ्लॅट देताना घरमालक हमखास जामीनदार मागतात. मग मामा किंवा काका सही करून मोकळे होतात. मामा, जरा थांबा! १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. भाडं थकलं, तर मालक थेट तुमच्याकडे येऊ शकतो.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवता येतो, आधार आणि अंगठा लावून. जामीनदाराचं हमीपत्र मात्र वेगळं, स्टँप पेपरवर करा आणि त्यात मूळ कराराचा नोंदणी क्रमांक व तारीख घाला. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: ‘माझी हमी ११ महिन्यांपुरती आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपयांपर्यंत राहील.’ आकडा तुमच्या ऐपतीचा टाका, पण टाकाच. वीजबिल, मोडतोड यात धरलीय का, तेही लिहा.

करार वाढवला की जुनी हमी आपोआप पुढे ओढू देऊ नका, नवी सही नवा विचार करूनच द्या. सही केलेली एक प्रत घरी ठेवा.