गळ्यावर वण नसला तरी

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत जबाब घ्यायला लागले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. बाई म्हणाली, "त्याने गळा धरला होता, पण आता काही नाही." गळ्यावर वण नव्हता. मी 'झटापट' लिहून मोकळी झाले. तिचा आवाज घोगरा होता, ती सारखी आवंढा गिळत होती. हे मी पाहिलं, पण लिहिलं नाही. वरिष्ठांनी कागद परत पाठवला.

नव्याने या कामात येणाऱ्यांना म्हणून आधी हेच सांगते, की वणावर विसंबू नका. अमेरिकेतल्या सान दिएगो शहरातल्या सरकारी वकिलांनी गळा दाबल्याची ३०० प्रकरणं तपासली, तो अभ्यास २००१ साली छापून आला. निदान निम्म्या प्रकरणांत पोलिसांना बाहेरून काहीच दिसलं नव्हतं.

मग विचारायचं काय? मानेतला रक्तप्रवाह अडला की काही सेकंदांत शुद्ध जाते, पण ज्याची शुद्ध गेली त्याला ते कळलेलं नसतं. "मधलं आठवत नाही," एवढंच कानावर येतं. म्हणून 'बेशुद्ध झालात का?' एवढ्यावर थांबू नका. 'त्यानंतरचं पहिलं काय आठवतं?' असं विचारा. कपड्यात लघवी झाली का, हे विचारताना माझी जीभ अडखळायची. तरी विचाराच, लाजेपोटी कुणी आपणहून सांगत नाही, आणि शुद्ध गेल्याची ती मोठी खूण असू शकते. एक हात होता की दोन, की दोरी, की पट्टा? दाबताना तो काय बोलत होता? उत्तरं तिच्याच शब्दांत उतरवा.

दवाखान्यात त्याच दिवशी पाठवा. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. पापण्यांच्या आत, कानामागे बारीक लाल ठिपके आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून बघायला सांगा. काळंनिळं उशिरा उमटतं, तेव्हा एक-दोन दिवसांनी पुन्हा फोटो घ्या.

जामिनाच्या सुनावणीआधी गळा दाबल्याची नोंद सरकारी वकिलांच्या हातात पडलीच पाहिजे. जोडीदाराने आधी गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असल्याचं २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं.

त्या बाईकडे मी पुन्हा गेले. दुसरा जबाब चार पानांचा झाला. तिसऱ्या पानावर तिचं वाक्य आहे: "डोळ्यांपुढे अंधार आला, आणि मुलाचं रडणं लांब लांब जात गेलं."