डिस्ने डायनिंग प्लॅन घेताय? जुन्या हिशोबावर नवी सहल आखू नका

भारतातून आई-बाबा येणार असले की अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑरलँडोची सहल ठरते. पाठोपाठ कुणीतरी जपून ठेवलेली एक्सेल शीट पाठवतं: कुठे जेवायचं, कुठलं क्रेडिट (प्लॅनमधलं एका जेवणाचं किंवा स्नॅकचं कूपन म्हणा) कुठे वापरायचं, सगळं मांडलेलं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण एवढीच की शीट २०१९ ची असते, आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा जेवणाचा प्लॅन, म्हणजे डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी जेवणाचे पैसे आधीच भरायची सोय, तेव्हाचा राहिलेला नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

हा प्लॅन २००५ मध्ये आला. सुरुवातीला टेबलावर बसून घ्यायच्या जेवणात स्टार्टर होतं आणि टिपही त्यातच धरलेली होती. २००८ मध्ये दोन्ही गेलं. २०१८ पासून २१ वर्षांवरच्यांना जेवणाबरोबर मद्याचा एक पेला मिळू लागला. २०२० मध्ये महासाथीत प्लॅन बंद झाला आणि ९ जानेवारी २०२४ पासून येणाऱ्या पाहुण्यांसाठी परत आला, पण दोनच प्रकारांत. जुना डीलक्स प्लॅन आता नाही. पूर्वी माणशी रोज दोन स्नॅक मिळत, आता एक. त्यामुळे जुन्या शीटमधला दुपारचा पॉपकॉर्न आणि संध्याकाळचं डोल व्हिप (अननसाचं मऊ आइस्क्रीम) यांतला एक तुमच्या खिशातून जाणार.

आजचा हिशोब असा. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. मोठ्या प्लॅनमध्ये टेबलावरचं एक जेवण, काउंटरवरचं एक आणि एक स्नॅक. शिवाय दोन्ही प्लॅनमध्ये माणशी, सगळ्या मुक्कामासाठी, पेयांचा पुन्हा भरता येणारा एक मग. काउंटरवरच्या जेवणात मुख्य पदार्थ आणि पेय येतं, टेबलावरच्या जेवणात त्यावर गोड पदार्थही. दर रात्रीमागे, हे नीट लक्षात घ्या. चार रात्री आणि पाच दिवसांच्या सहलीत क्रेडिटं चारच रात्रींची येतात. पाचव्या दिवसाचं जेवण धरून बसलेल्या घराला चौथ्या दिवशी कळतं की शिल्लक काही नाही.

दहावा वाढदिवस

डिस्नेच्या लेखी ३ ते ९ वर्षं म्हणजे मूल. दहावं लागलं की मोठ्यांचा दर. २०२४ मध्ये प्लॅन परत आला तेव्हा मोठ्या प्लॅनचा दर मोठ्यांना रात्रीमागे ९४.२८ डॉलर होता आणि मुलांना २९.६९. आई, बाबा, दहा वर्षांची ताई आणि सहा वर्षांचा धाकटा अशा घराला त्या दराने चार रात्रींचे १२५०.१२ डॉलर पडत. ताई नऊ वर्षांची असती तर ९९१.७६. अडीचशेहून जास्त डॉलरचा फरक, आणि ताई खाणार तेवढंच. दर नंतर वाढले आहेत, म्हणून तुमच्या तारखांचा दर पाहूनच गणित मांडा.

२०२६ च्या सहलींसाठी मोठ्यांनी प्लॅन विकत घेतला तर ३ ते ९ वयाच्या मुलांचा प्लॅन मोफत आहे. अशा सवलतीत आधी अटी वाचा. खोलीवरची सूट सोडावी लागत असेल, तर मोफत जेवण आणि सवलतीच्या दरातली खोली असे दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. ‘मोफत’ शब्द दिसला की हा दुसरा आकडा काढायचा राहून जातो.

शाकाहारी घराचा हिशोब वेगळा

याच मुद्द्यासाठी मी लिहायला बसले. प्लॅनबद्दलचा बहुतेक सल्ला स्टेक, सीफूड आणि कॉकटेल घेणाऱ्यांच्या ताटावरून दिलेला असतो. ‘सगळ्यात महाग पदार्थ मागवा, प्लॅन वसूल होतो,’ हे त्यांच्यासाठी खरं आहे. आपल्याकडे आई पास्ता घेते आणि बाबा लिंबू सरबत. कुणाचं काहीच चुकत नाही, पण भरलेले पैसे वसूल होत नाहीत.

माझी पद्धत सोपी आहे. दोन प्लॅनमधला फरक काढायचा. २०२४ च्या दराने मोठ्या प्लॅनचे ९४.२८ वजा क्विक सर्व्हिसचे ५७.०१, म्हणजे ३७.२७ डॉलर. काउंटरवरच्या एका जेवणाऐवजी टेबलावर बसून जेवायला माणशी रोज एवढे जास्त दिले. मग जिथे जायचंय तिथला मेन्यू ऑनलाइन उघडा. तुम्ही खरोखर खाणार असलेला मुख्य पदार्थ, गोड आणि पेय यांची बेरीज करा. ती काउंटरवरच्या जेवणापेक्षा ३७ डॉलरने जास्त येते का? दारू न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला साध्या टेबल रेस्टॉरंटात हे जमणं अवघड. बुफेत मात्र एका क्रेडिटमध्ये पोटभर जेवण होतं, म्हणून ज्येष्ठ शाकाहारी सोबत असतील तर मी टेबलाची क्रेडिटं बुफेसाठी राखायला सांगते. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या ‘बोमा’त आफ्रिकी पद्धतीच्या उसळी आणि भाज्या असतात, मसाले जिभेला परके वाटत नाहीत.

शेजारच्या किदानी व्हिलेजमध्ये ‘सना’ आहे. तिथली नान आणि चटण्यांची ब्रेड सर्व्हिस आपल्या लोकांत फार आवडीची, खिडकीबाहेर झेब्रे चरत असतात. पण ती मेन्यूत जेवणाआधीच्या पदार्थांत येते आणि टेबल क्रेडिटमध्ये स्टार्टर नाही. ती वेगळ्या पैशांची धरूनच मागवा. जरूर मागवा.

मेन्यूवरच्या हिरव्या पानाच्या खुणेनेही गोंधळ होतो. त्या पदार्थात मांस नाहीच, पण दूध, अंडं आणि मधही नाही. म्हणून चीज पिझ्झ्यावर ते पान दिसणार नाही. पान नाही म्हणून पदार्थ मांसाहारी असेलच असं नाही, आणि पान नसलेल्या सूपमध्ये चिकनचं पाणी नसेलच असंही नाही. विचारून घ्या. विचारायला लाजू नका, तिथे कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

आणखी एक बंधन: एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. बाबांना उपास आणि आईचं खाणं चिमणीएवढं, म्हणून त्यांना वगळता येत नाही. ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या बुकिंगवर असतील तर प्रश्न मिटतो.

क्रेडिट आहे, टेबल नाही

क्रेडिट हातात असलं तरी टेबल आधी राखावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी, फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी ६ ला खुलं होतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या १० दिवसांपर्यंतची आरक्षणं त्याच दिवशी करता येतात. पुण्याहून कुणी करून देणार असेल तर उन्हाळ्यात दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार ही वेळ सांगून ठेवा. ‘सिंड्रेलाज रॉयल टेबल’ किंवा ‘कॅलिफोर्निया ग्रिल’सारख्या ठिकाणी एका जेवणाला दोन टेबल क्रेडिटं जातात, म्हणजे एक रात्र रिकामी राहणार. बेत बदलला तर दोन तास आधी आरक्षण रद्द करा, नाहीतर माणशी १० डॉलर कापले जातात.

टिप प्लॅनमध्ये नाही. टेबलावर सहा किंवा जास्त माणसं बसली की बिलात १८ टक्के आपोआप लागतात. आजी-आजोबांसह आपलं कुटुंब सहाचं व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा ही रक्कम आधीच बाजूला ठेवा. पुन्हा भरायचा तो मग डिस्नेच्या हॉटेलांत भरता येतो, थीम पार्कांत नाही. दिवसभर पाठीवर वाहू नका.

काही बिनसलं तर

डिस्नेच्या ॲपवरून मोबाइल ऑर्डर देताना पैसे कार्डातून गेले? ऑर्डर पक्की करण्याआधी पेमेंटच्या जागी डायनिंग प्लॅन निवडायचा राहिला असणार. लगेच काउंटरवर सांगा, पदार्थ हातात पडल्यावर गुंता वाढतो.

क्रेडिट जास्त गेलं असं वाटलं तर पावती टाकू नका. शिल्लक पावतीवर आणि ॲपवर दिसते. मी रोज रात्री खोलीत आल्यावर दोन मिनिटं ती जुळवते. मुलाच्या जेवणाऐवजी मोठ्याचं क्रेडिट गेलेलं त्याच रात्री दिसलं, तर पावती घेऊन हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर जाता येतं. चार दिवसांनी आठवणीवरून भांडणं कठीण.

भारतातल्या पासपोर्टवर आलेल्या मोठ्यांपैकी कुणाला जेवणाबरोबर बिअर हवी असेल तर पासपोर्ट जवळ असू द्या. पांढरे केस असले तरी ओळखपत्र मागतात.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी सोडली तरी क्रेडिटं त्या रात्री १२ पर्यंत चालतात. त्यानंतर उरलेली जातात, पैसे परत मिळत नाहीत. स्नॅक उरले असतील तर विमानतळाकडे निघण्याआधी हॉटेलच्या दुकानात प्लॅनची खूण असलेली बंद पाकिटं शोधा. राइस क्रिस्पी किंवा कुकी प्रवासात मुलांना लागतेच.